झुडपामागची पाटी

मी एक पाटी बोलतेय. शाळेतली नव्हे, दारावरची नव्हे. तीन फूट रुंद, दोन फूट उंच, लाकडी, पांढऱ्या रंगावर लाल अक्षरं. पहिल्या ओळीत 'जागा', दुसऱ्या ओळीत 'विकणे आहे' आणि त्याखाली फोन नंबर. आधीच सांगून ठेवते, माझा आवाज जरा चढलेला वाटेल. एरंडाच्या झुडपामागे आठ महिने उभं राहून बघा, तुमचाही चढेल.

माझा जन्म एका पेंटरच्या दुकानात झाला. दुकान कसलं, जिन्याखालची खोबणच ती. टर्पेंटाइनचा वास, रंगाचे उघडे डबे आणि भिंतीला टेकून उभ्या केलेल्या माझ्या बहिणी. एक दवाखान्याची, एक शिकवणीची, एक 'येथे गाड्या लावू नयेत' म्हणणारी. त्या सगळ्या आपापल्या जागी कायमच्या राहायला जाणार होत्या. माझं तसं नव्हतं. विक्रीच्या पाटीचं काम फत्ते झालं की तिला उपटून टाकतात, आणि जितक्या लवकर उपटतील तितकी ती गुणाची. मला ते मान्य होतं. मी कंबर कसून तयार होते.

"अक्षरं किती मोठी काढू?" पेंटरने विचारलं.

"दिसतील एवढी काढ," मालक म्हणाले.

"कुणाला दिसतील? चालणाऱ्याला की गाडीवाल्याला?"

"तुला वाटेल तशी काढ रे बाबा."

तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकायला हवी होती. मालक म्हणजे पंपाच्या कारखान्यात बत्तीस वर्षं लेथवर काम केलेला माणूस. केसाएवढी चूक त्यांच्या बोटांना कळायची. पेंटरचा ब्रश विकत घेण्याआधी त्याचे केस मोजतील असा हा गृहस्थ, आणि तो म्हणतो, तुला वाटेल तशी काढ! पण मी नवखी. मला काय कळणार?

मला वाटलं होतं, इथून थेट जागेवर. पण मालकांनी मला घरी नेलं आणि कपाटामागे उभं केलं.

"रंग नीट वाळू दे," ते म्हणाले.

रंग चार दिवसांत वाळला. कपाटामागे मी पाच आठवडे होते.

घर दोन खोल्यांचं, भाड्याचं. कपाटाच्या फटीतून मला खिडकीजवळची खाट दिसायची आणि खाटेवर मालकीणबाई. त्यांनी सव्वीस वर्षं बस स्थानकावर तिकिटाच्या खिडकीमागे काढली होती. आवाज असा की काचेपलीकडच्या शेवटच्या माणसालाही ऐकू जावा. आता त्यांची दोन्ही मूत्रपिंडं थकली होती. मंगळवारी आणि शुक्रवारी पहाटेची बस धरून त्या शहरातल्या हॉस्पिटलात डायलिसिसला जायच्या. अडीच तास जायला, चार तास मशीनवर, अडीच तास यायला. मालक सोबत जायचे. परत आल्यावर बाईंच्या पायातली चप्पल तेच काढायचे, कारण बाईंना वाकवत नसे.

खाटेशेजारी एक बाटली असायची. तिच्यावर मालकांनी सुईने बारीक रेघा ओढल्या होत्या, अगदी मोजपट्टीसारख्या. दिवसभरात तेवढंच पाणी. बाई एक घोट घ्यायच्या, तोंडात घोळवायच्या आणि मग रेघेकडे बघायच्या. कारखान्यातला सगळा नेमकेपणा मालकांनी त्या बाटलीवर उतरवला होता.

एकदा संध्याकाळी लेकीचा फोन आला. लेक शहरात औषधांच्या दुकानात कामाला.

"आई, हॉस्पिटलच्या गल्लीतच एक घर आहे. तळमजला. एकही पायरी नाही गं! दाराबाहेर पाऊल टाकलं की दहा मिनिटांत मशीन. घरमालकीण म्हाताऱ्या आहेत, मुलाकडे राहायला जायच्यात. सहा-आठ महिने थांबते म्हणाल्या. बाबा, जागेचं बघा ना आता."

"बघतोय की," मालक म्हणाले. "पाटीसुद्धा करून आणलीय."

कपाटामागून मला ओरडावंसं वाटलं, अहो, आणलीय, पण लावलीय कुठे?

बाईंनीच शेवटी विषय काढला. "अहो, त्या पाटीचा रंग वाळला का? का अजून हाताला चिकटतो?"

दुसऱ्या दिवशी मालकांनी मला सायकलला बांधलं.

जागा छान होती. खोटं कशाला बोलू? गल्लीच्या टोकाची, चौरस, एका अंगाला रस्ता, दुसऱ्या अंगाला एका सुताराचा कारखाना, मागे अरुंद बोळ. समोर झेरॉक्सचं दुकान. अशी जागा बघून माझा ऊर भरून आला. म्हटलं, महिनाभरात माझी सुटी!

मालकांनी दोन फूट खोल खड्डा खणला, सिमेंट कालवलं, ओळंबा लावून माझा खांब उभा केला. एका सुताचाही कल नाही. काम बघत राहावं असं. फक्त खड्डा खणला तो जागेच्या पार मागे, एरंडाच्या दाट झुडपांच्या आड.

रस्त्यावरून माझी पहिली ओळ तेवढी दिसायची. 'जागा'.

लोक थांबायचे, मान वाकडी करायचे. "ही जागा आहे हे सांगायला पाटी कशाला लावलीय?" एक जण बायकोला विचारत होता. "आकाशाला लावा म्हणावं 'आकाश'." दोघंही खदाखदा हसत निघून गेली. मी दात ओठ खात उभी.

मागच्या बोळातून मात्र माझी कोरी पाठ लख्ख दिसायची. कोणीतरी तिच्यावर हरवलेल्या मांजराचा कागद चिकटवून गेलं. ते मांजर तीन दिवसांत सापडलं. मी दोन महिने तशीच.

समोरच्या झेरॉक्सच्या दुकानात जागांचा एक एजंट बसायचा. चष्मा कायम कपाळावर, डोळ्यांवर कधी नाही. एक दिवस मालक मला बघायला आले तेव्हा तो रस्ता ओलांडून आला.

"काका, रागावू नका. तुमच्या पाटीवर 'जागा' वाचलं. पुढे काय लिहिलंय?"

"विकणे आहे," मालक म्हणाले.

"मग विका की! रोज इथून शंभर माणसं जातात. एकालाही पत्ता नाही." त्याने चपलेने एरंडाचं खोड हलवलं. "हे बघा, मोकळी जागा विकायची तर येणाऱ्याला तिथे आपलं घर दिसलं पाहिजे. इथे त्याला साप दिसतो. झुडपं काढा. चारही कोपऱ्यांना चुना टाका, दोरी बांधा, म्हणजे केवढी आहे ते एका नजरेत कळतं. मोजणीचा नकाशा, खरेदीचा कागद, सगळ्याची एक फाइल करा. माणूस आला की त्याच्या हातात ठेवायची. नाहीतर तो 'कागद दाखवा' म्हणतो, तुम्ही 'शोधतो' म्हणता, आणि तो गेला तो गेला. भाव एकच सांगा. आणि ही पाटी पुढे घ्या. एवढं केलंत तर दोन महिन्यांत जाईल. मला काही देऊ नका, मला रोज ते झुडूप बघून वैताग येतो म्हणून सांगतोय."

मी मनातल्या मनात त्याच्या गळ्यात पडले.

"करतो," मालक म्हणाले.

"आणि सगळ्यात आधी शेजाऱ्याला विचारा. सुताराला कारखाना पुरत नाही. मोकळ्या जागेचं पहिलं गिऱ्हाईक भिंतीला लागूनच असतं."

मालकांचा चेहरा दगडासारखा झाला. "त्याला सोडून कुणालाही," ते म्हणाले आणि सायकलवर बसून निघून गेले.

त्यामागची गोष्ट मला नंतर कळली. एकोणीस वर्षांपूर्वी मालकांनी इथे घर बांधायला काढलं होतं. आलेख कागदावर नकाशा स्वतः काढला, आखणी स्वतः केली, खुंट्या ठोकून सुतळी ताणली. दोन दिवस खपून. तिसऱ्या दिवशी सुताराकडे ओंडके घेऊन आलेला ट्रक मागे घेताना थेट आखणीवरून गेला. मालक धावत आले. सुतार म्हणाला, "दोऱ्याच तुटल्यात ना, पुन्हा बांधा." त्यावरून जुंपली. पुढे मालकांचा कारखाना दोन वर्षं बंद पडला, मग लेकीचं शिक्षण आलं, मग आणखी काही. घर राहिलं ते राहिलंच. आणि मालकांनी मनाशी धरून ठेवलं की ते त्या ट्रकमुळे राहिलं. एकोणीस वर्षं दोघं एकमेकांशी चकार शब्द बोलले नव्हते.

एजंट मात्र भला निघाला. त्याने आपण होऊन चार-दोन गिऱ्हाइकं पाठवली. ती आली तेव्हा काय झालं, ते ऐकाच.

पहिलं जोडपं शिक्षकांचं. दोघंही तरुण, दोघंही हौशी. बाईंनी मोकळ्या मातीवर उभं राहून हात पसरून बघितले.

"छान हवा आहे ना इथे?" त्या म्हणाल्या.

"हवा आहे," मालक म्हणाले. "आणि पावसात इथे पाणी साचतं. घोट्यापर्यंत."

"असं होय..."

"शिवाय शेजारी दिवसभर करवत चालते. तुम्हाला वह्या तपासायच्या असतील, डोकं उठेल."

"पण आम्ही दिवसभर शाळेतच असतो," शिक्षक म्हणाला.

"सुटीच्या दिवशी काय कराल?"

पाणी साचायचं, पण पावसाळ्यातले चार दिवस. करवत चालायची, पण दुपारपर्यंत. खरं बोलावं, जरूर बोलावं, पण माणसाने आपल्याच मालाची अशी उणीदुणी काढावीत? ती दोघं हिरमुसली होऊन गेली.

दुसरे आले ते एक चष्म्याचे दुकानदार. पाणी, आवाज, साप, सगळं ऐकून घेऊनही म्हणाले, "मला चालेल." मी श्वास रोखला.

मालकांनी विचारलं, "काय बांधणार?"

"खाली दुकान, वर घर."

"स्वयंपाकघर कुठे घेणार?"

"ते अजून ठरवलं नाही बुवा."

मालकांनी खिशातून घड्या घालून घालून मऊ पडलेला एक कागद काढला. तोच जुना नकाशा. "हे बघा. स्वयंपाकघर इकडेच घ्यायला हवं. सकाळचं ऊन ओट्यावर येतं. इथे खिडकी, साडेतीन फुटांची. दुकान काढलंत तर ही खिडकी मारली जाते."

दुकानदारांनी कागद नीट बघितला. मग हळूच म्हणाले, "काका, तुम्ही जागा विकताय की घर?"

मालकांनी कागदाची घडी घातली. दुकानदार परत आले नाहीत.

त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की झुडूप मध्ये नव्हतंच. मालकच मध्ये उभे होते. पण कळून उपयोग काय? पाटीला तोंड असतं, आवाज नसतो. उन्हाने माझा लाल रंग विटकरी झाला, खालच्या कडेला वाळवीने चव घेऊन बघितली. तिकडे शहरात ती म्हातारी किती दिवस थांबणार होती? दर मंगळवारी, दर शुक्रवारी पहाटेची बस गल्लीच्या तोंडावरून जायची. मला झुडपातून तिचे दिवे दिसायचे. आत ती दोघं असणार, हे मला माहीत होतं. जीव नुसता तळतळायचा.

आठव्या महिन्यात एका शुक्रवारी पुढचा रस्ता खणून ठेवला होता, म्हणून परतीची बस गल्लीच्या तोंडाशीच थांबली. मालक रिक्षा बघायला चौकाकडे गेले. बाईंना ड्रायव्हरने हात धरून उतरवलं. बस स्थानकावरच्या जुन्या ओळखीचा होता तो.

"ताई, इथेच सावलीत बसा."

"बसून बसून कंटाळा आलाय रे," बाई म्हणाल्या. "आमची जागा इथंच आहे. चार वर्षांत बघितली नाही. तेवढी बघून येते."

दंडाला पांढरी पट्टी, हातात ती रेघांची बाटली. दहा पावलं चालायच्या, थांबायच्या. जागेसमोर आल्या आणि उभ्याच राहिल्या. त्यांनी वाचलं, 'जागा'. मग झुडपात हात घालून एक फांदी बाजूला केली. वाचलं, 'विकणे आहे'. फांदी सोडली. पुन्हा नुसतं 'जागा'. पुन्हा फांदी बाजूला केली. पुन्हा सोडली.

कारखान्यातून सुतार बाहेर आला. अंगभर भुसा, कानावर पेन्सिल. "वहिनी? तुम्ही? बसा, बसा, खुर्ची आणतो."

नव्या कोऱ्या खुर्चीवर बाई बसल्या. सुताराने पाण्याचा तांब्या पुढे केला. बाईंनी मान हलवून आपली बाटली दाखवली.

"ही पाटी इथे कधीपासून आहे हो?" त्यांनी विचारलं.

"आठ महिने तरी झाले. मला वाटलं, भाऊंनी मला बजावायला लावलीय. की बाबा रे, ही जागा आमची आहे, इकडे लाकूड टाकू नकोस."

"खाली 'विकणे आहे' लिहिलंय."

सुताराने कानावरची पेन्सिल काढली, पुन्हा खोचली. "काय सांगता! विकताय? अहो वहिनी, मी दोन वर्षं जागा शोधतोय. माल ठेवायला गावाच्या दुसऱ्या टोकाला शेड घेतलीय भाड्याने. मला कोणी सांगितलं कसं नाही?"

बाईंनी बाटलीचं झाकण काढलं. बाटलीतला एक घोट घेतला आणि रेघेकडे बघितलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मालकांना घेऊन आल्या. सुताराची खुर्ची तिथेच होती. बाई बसल्या, मालक उभे.

"मला काय सांगत होता तुम्ही? फोनच येत नाहीत," बाई म्हणाल्या.

"नाही येत."

"कसे येतील? नंबर झुडपात आहे."

मालक जमिनीकडे बघत होते.

"सव्वीस वर्षं मी खिडकीमागे बसले. ज्याला खरंच जायचंय तो पैसे मुठीत धरून येतो. आणि ज्याला जायचं नसतं ना, तो खिडकीशी उभा राहून खिसे चाचपत बसतो. गाडी सुटेपर्यंत. मला अशी माणसं लांबून ओळखू यायची. आणि माझ्याच घरातला ओळखता आला नाही."

"तसं नाही गं."

"मग कसं ते सांगा."

मालकांनी खिशातला नकाशा चाचपला. शेवटी म्हणाले, "ही विकली की संपलं ना गं मग."

"काय संपलं?"

"तू बरी झालीस की बांधू, असं म्हणायचो मी. विकली म्हणजे... म्हणजे तू काही..."

करवत बंद होती. झाडून सगळी गल्ली ऐकतेय असं वाटावं इतकी शांतता. माझ्या मनातला आठ महिन्यांचा राग कुठे ठेवावा ते मला कळेना.

"मी बरी होणार नाहीये," बाई सरळ आवाजात म्हणाल्या. "मशीनवर जगणार आहे. बरीच वर्षं जगतात माणसं. पण मला बसमध्ये जगायचं नाही. आठवड्यातले दोन दिवस मी खिडकीच्या गजावर डोकं आपटत जाते आणि येते. तुम्ही बाटलीवर रेघा ओढता ना माझ्यासाठी? मग ही एक रेघ ओढा आणि मोकळे व्हा."

मालकांनी एकदा झुडपाकडे बघितलं. मग सुताराच्या दारात गेले. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा.

"कोयता आहे का?" त्यांनी विचारलं.

सुताराने कोयता दिला. दुसरा स्वतः घेतला. दुपारपर्यंत झुडूप आडवं झालं आणि मी उघड्यावर आले. ऊन अंगावर घेताना मला रडू आलं असतं, पण रंग आधीच गेला होता.

पुढचं सगळं बाईंनी खुर्चीवर बसून केलं. त्यांचा हुकूम सुटायचा आणि मालक पळायचे. चारही कोपऱ्यांना चुना पडला. दोरी बांधली गेली. मोजणीचा नकाशा आणि खरेदीचा कागद कपाटातून निघाला, झेरॉक्सवाल्याने तीन संच करून फायलीत लावले. एजंटने पहिल्यांदा चष्मा डोळ्यांवर घेतला आणि सकाळच्या उन्हात फोटो काढले. भाव बाईंनी ठरवला, आसपास काय चाललंय ते चार ठिकाणी विचारून, ना जास्त ना कमी. शिक्षकांना आणि चष्मेवाल्यांनाही फोन केला. त्यांनी दुसरीकडे घेतलं होतं. नवी तीन माणसं येऊन गेली, एकाने तर लगेच बोलणी लावली. पण सुतार दारातच फाइल वाचत बसला होता.

"भाव एकच आहे," बाई त्याला म्हणाल्या. "शेजारी म्हणून कमी नाही, भांडण म्हणून जास्त नाही."

"मला कबूल आहे वहिनी." मग तो मालकांकडे वळला. "भाऊ, त्या दिवशी चूक माझीच होती. ट्रकवाल्याला मीच मागे घे, मागे घे म्हणत होतो. माझं लक्षच नव्हतं."

"हे तू आत्ता सांगतोस?" मालक म्हणाले.

"तुम्ही बोलत कुठे होता?"

मालकांना हसू आलं की आणखी काही, ते मला नीट दिसलं नाही. अकराव्या दिवशी व्यवहार ठरला. जे काम अकरा दिवसांचं होतं त्यासाठी मी आठ महिने उन्हात वाळले.

मला उपटायला मालक स्वतः आले. सिमेंट इतकं पक्कं होतं की खांब हलेना. सुतार पहार घेऊन आला. दोघांनी मिळून मला काढलं. माझ्या आयुष्यातला खरं तर हाच सोन्याचा क्षण. तेवढ्यात मालकांचा फोन वाजला. लेक होती. मालक नुसते "हं... हं..." म्हणत होते. फोन ठेवल्यावर सुताराला म्हणाले, "तळमजल्याचं घर गेलं. मागच्या आठवड्यात. ती बाई बिचारी आठ महिने थांबली."

सुताराने हातातली पहार खाली ठेवली. मला काय बोलता येणार होतं? इतकी वर्षं झाली, त्या एका आठवड्याचा राग माझ्यातून जात नाही.

ती दोघं गेली शहरात. घर मिळालं ते तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. हे मला कसं कळलं? दोन महिन्यांनी मालक सुताराकडे आले. मी तेव्हा त्याच्या कारखान्यात भिंतीला टेकून होते.

"तीन स्टुलं हवीत," मालक म्हणाले. "उंची सोळा इंच. त्याहून कमी नको, तिला उठवत नाही. पाठ टेकायला फळी."

"तिन्ही एकाच घरात?"

"जिन्यात ठेवायचीत. प्रत्येक वळणावर एक. मशीनवरून आली की बसत बसत चढेल. घरमालकाला विचारलंय मी."

सुताराने कागद पुढे केला. मालकांनी स्टुलाचं चित्र काढलं, मापं घातली. काढता काढता म्हणाले, "बसचा प्रवास सुटला तेवढं बरं झालं. रंग बदललाय तिच्या चेहऱ्याचा. पण वर आली की दार उघडल्या उघडल्या दर वेळी म्हणते, चोपन्न झाल्या. पायऱ्या मोजते ती."

मापं बरोबर होती. ती नेहमीच बरोबर असायची.

सुताराने त्या स्टुलांची मजुरी घेतली नाही. मालकांनी भांडून लाकडाची किंमत तरी घ्यायला लावली.

या गोष्टीला आता सहा वर्षं झाली. त्या जागेवर सुताराची मोठी शेड उभी आहे. मी शेडच्या एका कोपऱ्यात, सरसाच्या भांड्याखाली आडवी. माझ्या 'विकणे'वर सरसाचे ओघळ सुकलेत. तिन्ही स्टुलांपैकी एक मध्यंतरी दुरुस्तीला आलं होतं, बैठकीची फळी झिजून. म्हणजे कोणीतरी नेमाने बसतंय. मला बरं वाटलं.

आज सकाळी पलीकडच्या गल्लीतल्या एक बाई आल्या. नदीकडेला त्यांची मोकळी जागा आहे म्हणे. धाकट्या दिरासोबत सामायिक. जुनी पाटी मिळेल का, नवी करायला वेळ जातो, लवकर विकायचीय, असं म्हणाल्या. सुताराने मला उचललं, सरस खरवडला, बाकावर ठेवलं आणि रंधा हातात घेतला. दोन हात मारले. माझा फोन नंबर भुसा होऊन खाली पडला. मला भीती वाटली नाही. पुन्हा उभं राहायचं, पुन्हा कुणाच्या तरी कामी यायचं, याला मी तयारच होते.

मग सुतार थांबला.

"वहिनी, दिराशी बोलणं झालंय ना? त्यांना विकायचीय?"

बाईंनी पदर सावरला.

"आणि तुम्हाला? मनापासून?"

"लावून तर बघू पाटी," बाई म्हणाल्या. "नंतर सांगेन मी त्याला."

सुताराने रंधा खाली ठेवला. "तसं नको. आधी घरात बोलून या. भांडण होणार असेल तर आत्ताच होऊ द्या. पाटी इथेच आहे."

बाईंना ते आवडलं नाही. त्या तशाच निघाल्या. रस्ता ओलांडताना एकदा थांबल्या, मागे वळून बघितलं आणि पुढे गेल्या. सुतार दुसऱ्या कामाला लागला. मी बाकावर पडून आहे, अर्धी रंगलेली, अर्धं लाकूड उघडं.

वाट बघून बघून माझा जीव विटलाय, हे मी कबूल करते. म्हणून माझी एकच विनवणी. माझ्यासारखीला उन्हात उभं करण्याआधी एकमेकांसमोर बसा आणि खरं काय ते बोला. तेवढं झालं की बाकीचं काम आम्ही पाट्या अकरा दिवसांत करून देतो.

लवकर या, बाई. पण बोलून या.